‘अंगात ताकदच नाही’ या तक्रारीमागचं नैराश्य

नैराश्य आलेला माणूस डॉक्टरांसमोर बसून ‘मला नैराश्य आलंय’ असं फार क्वचित म्हणतो. तो म्हणतो, अंगात ताकद नाही. डोकं जड असतं. हातापायांना मुंग्या येतात. पहाटे तीनला जाग येते, मग डोळाच लागत नाही. जेवण जात नाही, छातीत धडधडतं, कंबर भरून येते. मग बी-१२ची इंजेक्शनं होतात, ईसीजी होतो, सोनोग्राफी होते, ताकदीचं म्हणून सलाईन लावलं जातं. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि म्हणतात, ‘बघ, काही झालेलं नाही तुला. उगाच मनाला लावून घेतोस.’ हे एकदा ऐकलं की तो माणूस पुढच्या वेळी तक्रार करायचंच सोडून देतो. आजार असतो तिथेच असतो.

बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. तिच्यात असं दिसलं की दर २० प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन गेलेलं असतं, आणि ज्यांना ते आहे त्यांच्यापैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नसतात. डॉक्टर कमी आहेत, हे त्याचं एक कारण खरं. पण त्याआधीची अडचण घरातलीच आहे. आपण नैराश्य म्हणजे रडणारा, खिडकीपाशी बसलेला माणूस असं चित्र मनात धरून बसतो आणि तसा माणूस दिसला नाही की निर्धास्त होतो. माझं सांगणं एवढंच आहे, की चेहऱ्यावरचं दुःख शोधण्यापेक्षा माणसात पडलेला फरक बघावा. काल-परवापर्यंत तो कसा होता आणि आता कसा आहे, हे घरच्यांइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आता हा फरक कसला, ते नीट पाहू.

जगभरचे अनेक डॉक्टर नैराश्याचं निदान करताना नऊ लक्षणं तपासतात. त्यातली दोन मुख्य. एक, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास, रिकामं किंवा जड वाटणं. दुसरं, पूर्वी ज्यात आनंद वाटायचा त्यातली गोडी निघून जाणं. या दोनपैकी किमान एक असायलाच हवं. बाकीची सात अशी: झोप बिघडणं, भूक किंवा वजनात बदल, थकवा, लक्ष न लागणं, हालचाल आणि बोलणं मंदावणं किंवा उलट जिवाची सततची तगमग, स्वतःला नालायक किंवा अपराधी समजणं, आणि मरणाचे विचार. नऊपैकी पाच किंवा अधिक लक्षणं, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे टिकली आणि त्यामुळे घरचं, कामाचं, माणसांतलं वागणं अडायला लागलं, तर ते नैराश्य. दोन आठवड्यांची अट महत्त्वाची आहे. चार दिवस मन खट्टू होणं प्रत्येकाच्या वाट्याला येतं, आणि ते येऊन जातं.

या सगळ्यांत मला गोडी जाण्याचं लक्षण सर्वांत जास्त उपयोगी वाटतं, कारण ते बाहेरून दिसतं. उदासी लपवता येते. गोडी गेलेली लपवणं अवघड. एकादशीच्या भजनाला न चुकता जाणारी आजी ‘आता नको, गुडघे दुखतात’ म्हणते, पण गुडघे तर पाच वर्षांपासून दुखतायत. भारताची मॅच सुरू असताना बाबा आतल्या खोलीत पडून असतात. नातू मांडीवर येऊन बसला तरी त्याला जवळ घेण्याचा हात उठत नाही. कुंड्यांना पाणी घालायचं राहतं, आलेला फोन वाजू दिला जातो, दाढी वाढते, ठेवणीतली साडी काढायचा उत्साह लग्नघरातही येत नाही. यातलं एकेक पाहिलं तर किरकोळ आहे. तीन-चार गोष्टी एकाच महिन्यात घडल्या तर त्या किरकोळ राहत नाहीत.

झोपेचंही नीट पाहायला हवं. नैराश्यात बऱ्याच जणांना झोप लागते, पण नेहमीपेक्षा दोन-तीन तास आधीच मोडते आणि मग अंधारात सगळे वाईट विचार एकदम अंगावर येतात. काहींना सकाळ सर्वांत जड जाते आणि संध्याकाळकडे जरा बरं वाटू लागतं. घरच्यांना नेमका याचाच संशय येतो: ‘सकाळी उठवत नव्हतं म्हणे, आणि संध्याकाळी बरा गप्पा मारत होता!’ ते नाटक नसतं; आजाराचं ते एक ओळखीचं रूप आहे. उलट काही जणांची, विशेषतः तरुणांची, झोप आणि भूक दोन्ही वाढतात. दहा-बारा तास झोपूनही अंग गळालेलंच.

अपराधीपणाची भावना मात्र बाहेर दिसत नाही, ती कानावर पडावी लागते. ‘माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांना त्रास’, ‘मी कुणाच्या उपयोगाचा नाही’, ‘देवाने मला कशाला ठेवलंय’. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांनी असं बोलणं इतकं अंगवळणी पडलंय की कुणी मान वर करून बघत नाही. बघायला हवं. वयस्करांच्या बाबतीत आणखी एक गोंधळ होतो. नैराश्यात लक्ष लागत नाही, म्हणून गोष्टी आठवत नाहीत, आणि घरचे समजतात की विसराळूपणाचा आजार सुरू झाला. डॉक्टरांना दोन्ही शक्यता सांगाव्यात, कारण नैराश्य असेल तर उपचारांनी स्मरणही पुष्कळदा सुधारतं.

शरीराच्या तक्रारी खऱ्या असतात का, हा प्रश्न बरेच जण विचारतात. हो, पूर्ण खऱ्या. झोप, भूक, थकवा, वेदना जाणवण्याची पातळी हे सगळं मेंदूच सांभाळतो. ज्या यंत्रणा मनःस्थिती सांभाळतात त्यांचं या कामांशी घट्ट नातं आहे. नैराश्यात तीच यंत्रणा बिघडलेली असल्यामुळे पूर्वी सहज सोसलेली कंबरदुखी आता सोसत नाही, आणि ताणाच्या संप्रेरकांचं रोजचं चक्रही अनेकांत बदललेलं असतं. रिपोर्ट नॉर्मल येतात याचा अर्थ एवढाच, की त्या तपासण्या ज्यासाठी असतात ते आजार नाहीत. तपासण्या मात्र जरूर कराव्यात. थायरॉइड मंदावलं, रक्त कमी झालं, बी-१२ घटलं तरी माणूस असाच मलूल दिसतो. स्टेरॉइडसारखी काही औषधं आणि रोजची दारू हेसुद्धा मन खाली खेचतात.

पुरुषांमध्ये नैराश्य पुष्कळदा रागाच्या वेषात येतं. शांत स्वभावाचा माणूस ताटावरून उठून जाऊ लागतो, मुलांवर खेकसतो, क्वार्टर रोजची होते. घरात त्याच्याबद्दल धाक वाढतो आणि चौकशी कमी होते. किशोरवयीन मुलामुलींतही चिडचिड पुढे आणि उदासी मागे असते. मार्क घसरतात, मित्र सुटतात, दार लावून बसणं वाढतं, आणि सगळा दोष मोबाइलवर जातो.

बाळंतपणानंतरचं नैराश्य वेगळं सांगायला हवं. बाळ झाल्यावर पहिल्या काही दिवसांत रडू येणं, हळवं होणं हे खूपच सर्रास आहे आणि ते दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्यापुढेही ते टिकलं, बाळ झोपलेलं असतानासुद्धा आईला झोप येत नसेल, बाळाविषयी काही वाटतच नाही असं ती म्हणत असेल किंवा ‘मी चांगली आई नाही’ हे तिच्या डोक्यातून जात नसेल, तर तो आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या दहापैकी एकीहून अधिक स्त्रियांना नैराश्य गाठतं. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू, शेक, मालिश सगळं मिळतं. ‘तुला कसं वाटतंय गं?’ हा प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो, कारण सगळे बाळाभोवती असतात. भास होऊ लागले, ती असंबद्ध बोलू लागली किंवा बाळाला इजा करण्याचे विचार बोलून दाखवू लागली, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं.

आणि शोक? घरातलं माणूस गेल्यावर वाटणारं दुःख हा आजार नव्हे. दुःख लाटांसारखं येतं, मधेच आठवणीने हसूही येतं, आणि त्या माणसाची स्वतःबद्दलची किंमत शाबूत असते. नैराश्यात सगळं एकसारखं राखाडी होतं आणि माणूस स्वतःलाच कमी लेखू लागतो. शोकातून नैराश्य सुरू होऊ शकतं, हेही लक्षात असू द्यावं.

‘पण याला कमी काय आहे? घर आहे, नोकरी आहे, मुलं गुणी आहेत!’ हा प्रश्न प्रेमापोटी येतो, पण तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. नैराश्याचं एकच एक कारण नसतं. त्याचा काही भाग रक्तातून येतो. आईवडील किंवा भावंडांना असेल तर शक्यता वाढते, खात्री नव्हे. लहानपणीची मारहाण किंवा हेळसांड, कर्ज, बेकारी, नवऱ्याचा जाच, मधुमेह किंवा हृदयविकारासारखं कायमचं दुखणं, परक्या शहरातलं एकटेपण अशा अनेक गोष्टी एकमेकींत मिसळतात. मेंदूत एक रसायन कमी पडलं की नैराश्य येतं, हे स्पष्टीकरण वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. खरं चित्र त्याहून गुंतागुंतीचं आहे. कारण सापडलं नाही म्हणून आजार खोटा ठरत नाही, आणि कारण समोर दिसतंय म्हणून ‘अशा परिस्थितीत कुणालाही असं वाटणारच’ म्हणत उपचार टाळणंही बरोबर नाही. कर्जबाजारी शेतकऱ्याला कर्जातून सुटकाही हवी असते आणि नैराश्यावर उपचारही.

असे उपचार गावापर्यंत नेता येतात, याचा प्रत्यय अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत आला. तिथे ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच लोकांना तयार करून नैराश्य ओळखणं, बोलणं, धीर देणं आणि गरज पडल्यास डॉक्टरांपर्यंत पोचवणं अशी साखळी उभी केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होतं. प्रकल्पानंतर ते २७.२ टक्क्यांवर गेलं. गावातलं माणूस दारात येऊन विचारतं तेव्हा लोक बोलतात, हे यातून दिसलं.

त्याहून महत्त्वाचं काम गोव्यात झालं, आणि ते मराठी वाचकाला फारसं ठाऊक नाही याची मला खंत वाटते. ‘संगाथ’ ही संस्था १९९६पासून गोव्यात मानसिक आरोग्यासाठी काम करते. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. समुपदेशन करणारे मानसशास्त्रज्ञ नव्हते. मानसिक आरोग्याचं पूर्वशिक्षण नसलेली साधी स्थानिक माणसं होती, त्यांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं होतं आणि नंतर नियमित मार्गदर्शन होतं. रुग्णाशी सहा ते आठ बैठका, बहुतेक आठवड्याला एक. तीन महिन्यांनी या बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं. ज्यांना नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता.

या बैठकांत करत काय होते? तत्त्व साधं आहे. मन खचलं की माणूस बाहेर जाणं, भेटणं, कामं करणं सोडतो. त्याने क्षणभर बरं वाटतं. पण जे केल्याने आनंद किंवा समाधान मिळायचं तेच बंद झाल्यामुळे मन आणखी खचतं, राहिलेली कामं डोंगराएवढी होतात, आणि माणूस अजून आत आत जातो. हे चक्र तोडायला मन ताळ्यावर येण्याची वाट पाहायची नाही. आधी कृती, मग मन. रुग्ण आणि समुपदेशक मिळून दिवसभरात काय केलं आणि तेव्हा कसं वाटलं हे पाहतात, मग एक अगदी लहान गोष्ट ठरवतात. ‘रोज तासभर चालायला जायचं’ असं नव्हे. ‘उद्या सकाळी चहा पिऊन झाल्यावर अंगणात दहा मिनिटं बसायचं’, किंवा ‘मंगळवारी बहिणीला फोन करायचा’. पुढच्या बैठकीत ते जमलं का, नसेल तर काय आडवं आलं, हे विचारलं जातं. जोडीला झोप, दारू, पैशांचे किंवा भांडणांचे प्रश्न यांवर काय मार्ग निघतो ते पाहतात.

वाचून कुणी म्हणेल, आम्हीही तेच सांगतो की, ‘जरा फिरून ये, मन रमव’. फरक मोठा आहे. सल्ला ऐकणाऱ्याला एकटं सोडतो आणि त्याला जमलं नाही की तो आणखी अपराधी होतो. इथे पाऊल त्या माणसाने स्वतः निवडलेलं असतं, त्याच्या आजच्या ताकदीला झेपेल इतकं लहान असतं, आणि कुणीतरी आठवणीने परत विचारणारं असतं. घरच्यांना यातलं बरंच करता येईल. ‘चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन दूध घेऊन येऊ’ म्हणून चपला पुढे ठेवणं हे ‘बाहेर पड जरा’ या वाक्यापेक्षा पुष्कळ कामाचं.

सगळ्यांना एवढ्याने पुरत नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. मध्यम आणि तीव्र नैराश्यात अनेकांना औषधं लागतात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही नेहमी दिली जाणारी नावं. यांचा गुण यायला दोन ते चार, कधी सहा आठवडे लागतात. मळमळ, बेचैनी, डोकेदुखीसारखे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतात. म्हणजे आधी त्रास आणि मग गुण, आणि नेमक्या याच टप्प्यावर बरेच लोक गोळ्या सोडतात. लैंगिक इच्छा कमी होणं हाही एक दुष्परिणाम आहे. लाजेपोटी गोळी बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना सांगितलं तर मात्रा किंवा औषध बदलता येतं. पंचविशीच्या आतल्यांना औषध सुरू केल्यावर पहिले काही आठवडे जवळून लक्ष द्यावं लागतं, कारण क्वचित अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात.

‘या गोळ्यांची सवय लागते’ ही भीती सर्वत्र आहे. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची, ज्या दुकानातून परस्पर आणून वर्षानुवर्षं घेतल्या जातात. नैराश्याच्या गोळ्या हा निराळा गट. त्यांची तशी तलफ येत नाही, पण अचानक बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं असे त्रास होतात, म्हणून हळूहळू उतरवायच्या. पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल तर पूर्ण बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. डॉक्टरांकडे जाताना एक गोष्ट आवर्जून सांगावी: पूर्वी कधी काही दिवस झोप न घेताही अफाट उत्साह, भरमसाट बोलणं, बेफाम खर्च असं झालं होतं का. तसं असेल तर तो बायपोलर विकार असू शकतो आणि त्याची औषधं वेगळी.

मरणाच्या विचारांबद्दल विचारायला सगळेच कचरतात. विचारलं तर डोक्यात नसलेलं भरवल्यासारखं होईल, असं वाटतं. तसं होत नाही. सरळ विचारल्याने बहुतेकांना हलकं वाटतं, कारण ते ओझं ते एकटेच वाहत असतात. ‘जगणं नको असं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का? कसं, कधी, काही ठरवलंयस का?’ असंच विचारावं, आवाज न चढवता, आणि उत्तर आलं की शपथा न घालता ऐकून घ्यावं. विचार पक्का दिसत असेल तर त्या माणसाला एकटं ठेवू नये. घरातली कीटकनाशकं आणि गोळ्यांचा साठा कुलपात किंवा घराबाहेर ठेवावा, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. तातडीची वेळ असेल तर ११२. पोलिसांची भीती घालून कुणी अडवत असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं ११५वं कलम सांगावं: आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नसते, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य मानलेलं आहे.

पहिलं पाऊल कुठे टाकायचं? १४४१६ हा ‘टेली-मानस’ या फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणाऱ्या सेवेचा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत, आणि रुग्णाच्या वतीने घरच्यांनीही फोन केला तर चालतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी असते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि गोव्यात बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था. ‘मनोरुग्णालय’ या पाटीला बिचकणाऱ्यांनी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात केली तरी हरकत नाही, फक्त तिथे अंगदुखीबरोबर झोप, गोडी आणि रडू येणं यांबद्दलही बोलावं. एकटं जाऊन हे बोलता येत नसेल तर बरोबरच्याने बोलावं. नऊ प्रश्नांची ‘पीएचक्यू-९’ नावाची प्रश्नावली मराठीतही उपलब्ध आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दलच्या त्या प्रश्नांना मिळून १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर डॉक्टरांना भेटायचं. तिच्यावरून घरच्या घरी निदान करायचं नाही, पण भरलेला कागद समोर ठेवला की बोलणं सोपं होतं.

बरं झाल्यावरचंही थोडं. एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना ते पुढे कधीतरी परत येतं, आणि परत येताना बहुधा आधीच्याच वाटेने येतं. एखाद्याचं सर्वांत आधी पेपर वाचणं थांबतं, कुणाचं फोन उचलणं, कुणाची पहाटेची झोप, तर कुणाचा स्वयंपाकात मीठ-तिखटाचा अंदाज चुकू लागतो. म्हणून माणूस चांगला हसता-बोलता झाला की घरातल्या एका विश्वासाच्या व्यक्तीबरोबर बसून गेल्या वेळी सुरुवात कशी झाली होती ते आठवावं आणि ती पहिली दोन-तीन लक्षणं कागदावर लिहून ठेवावीत. त्याखाली डॉक्टरांचा नंबर, चालू औषधांची नावं, आणि ती लक्षणं पुन्हा दिसली तर ‘अरे, ते परत सुरू होतंय का?’ असं कुणी विचारलेलं चालेल, त्याचं नाव.